जुन्या गोव्यातील सांता मोनिका: मठ, अनाथाश्रम की मुलींची शाळा?

मुळाकाठची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही मायलेकी दोन दिवसांसाठी जुन्या गोव्याला जाऊन आलो. बॉम जीझसच्या चर्चमध्ये गर्दी वाढू लागली तेव्हा तेथून निघून टेकडीचा चढ चढलो, आणि संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याजवळ एक प्रचंड तीन मजली इमारत दिसली. तिच्या भिंतीला बाहेरून असे भक्कम धिरे दिलेले आहेत की पहिल्या नजरेस तो किल्लाच वाटावा. ही सांता मोनिका. तिच्या एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, ते आम्ही सावकाश पाहिले.

मात्र ही वास्तू मुळात काय होती, याबद्दल तिघांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. टॅक्सीचालकाच्या मते ती पोर्तुगीज शिपायांची बराक होती. बाहेर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो नन्सचा मठ असल्याचे सांगितले. सहलीसोबत आलेल्या एका मार्गदर्शकाने तर पोर्तुगालहून आणलेल्या अनाथ मुलींना येथे सांभाळून त्यांची लग्ने लावून दिली जात, असे ठासून सांगितले. माझी मुलगी नववीत आहे. तिने विचारले, ‘आई, म्हणजे ही कॉन्व्हेंट शाळा होती का?’ मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले की इंग्रजी माध्यमाची शाळा आणि करड्या गणवेशातील मुली एवढेच डोळ्यांसमोर येते.

येथे मुली खरोखर राहत आणि शिकत होत्या का? असल्यास त्या कोणाच्या मुली होत्या? आणि त्यांना आत ठेवले जात होते ते आधार म्हणून, की अडवून ठेवण्यासाठी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिसवाडीकर

आपल्याला मिळालेल्या तीन उत्तरांपैकी दोन या वास्तूला लागू पडतात, तिसरे शेजारच्या घराचे आहे. सांता मोनिका हा व्रतस्थ स्त्रियांचा मठ होता आणि मठ संपल्यावर तेथे लष्कर राहिले. अनाथ मुलींचे घर मात्र निराळे होते. ही सरमिसळ इतकी रूढ झाली आहे की ती सोडवायला थोडे मागे जाणे भाग आहे.

आलेशो द मेनेझिस हे ऑगस्टिनियन संघाचे साधू १५९५ मध्ये गोव्याचे आर्चबिशप झाले. केरळच्या इतिहासात त्यांचे नाव १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेमुळे, म्हणजे तेथील ख्रिस्ती लोकांना रोमच्या अधिकाराखाली आणणाऱ्या सभेमुळे, येते आणि तेथील संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती लोक ते अजूनही फारशा प्रेमाने घेत नाहीत. १६०७ ते १६०९ या काळात ते पोर्तुगीज हिंदुस्थानचे हंगामी गव्हर्नरही होते, म्हणजे धर्माची आणि राज्याची सूत्रे एकाच हाती आली होती. गोव्यातील स्त्रियांसाठी तीन घरे उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने, आणि ही तिन्ही घरे एकत्र पाहिल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही.

पहिले घर नोसा सेन्योरा द सेर्रा, म्हणजे ‘डोंगरमाउली’च्या चर्चजवळचे. हे चर्च आफोन्सो द आल्बुकर्कने बांधले होते आणि १५६६ मध्ये त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या जाईपर्यंत त्याचे थडगेही तेथेच होते. या घराला पोर्तुगीज लोक ‘रेकोल्यिमेंतु’ म्हणत. त्या शब्दात आत घेणे, गोळा करणे आणि सांभाळणे हे तिन्ही अर्थ आहेत, म्हणून मराठीत ‘आश्रयगृह’ म्हटले तरी त्यातला ‘आत घेणे’ हा भाग निसटतो. येथे आईबापांविना राहिलेल्या मुली, तरुण विधवा आणि ज्यांचे नवरे मोहिमेवर किंवा व्यापाराला गेले आहेत अशा बायका राहत. नवरा गलबतावर चढण्याआधी बायकोला येथे आणून सोडी आणि परतल्यावर घेऊन जाई.

आपल्या मार्गदर्शकाने सांगितलेल्या ‘पोर्तुगालहून आणलेल्या मुली’ या घराशी जोडलेल्या आहेत. त्यांना ‘राजाच्या अनाथ कन्या’ म्हणत. राजाच्या सेवेत मरण पावलेल्या लोकांच्या या मुलींना सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बनहून वार्षिक ताफ्यातून गोव्याला पाठवले जाई. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणारा तो प्रवास सहा महिन्यांच्या आसपास चाले. एका खेपेला येणाऱ्या मुली फार थोड्या असत, जहाजे भरभरून त्या आल्या हे निव्वळ सांगोवांगी आहे. त्यांचा हुंडा रोख रकमेत नसे, तर एखादे सरकारी पद हाच हुंडा असे. वखारीतील कारकुनी किंवा एखाद्या ठाण्याचा अधिकार मुलीच्या नावे मंजूर होई आणि तिच्याशी जो विवाह करील त्याला ती जागा मिळे. अशा मुलीला मागणी घालणारा माणूस तिच्याकडे पाहत होता की त्या पदाकडे, हा प्रश्न कोणालाही पडेल.

दुसरे घर मारिया मादालेनाच्या नावाचे. समाजाने ज्यांना ‘वाट चुकलेल्या’ ठरवले आणि ज्यांनी पश्चात्ताप व्यक्त केला, अशा स्त्रियांसाठी ते होते. ही दोन्ही आश्रयगृहे ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’ या प्रतिष्ठित नागरिकांच्या धर्मादाय मंडळाकडे सोपवली गेली. मुलींचा खर्च, हुंड्याची व्यवस्था, वराची चौकशी आणि विवाहाची परवानगी हे सारे ते मंडळ पाही.

तिसरे घर सांता मोनिका. १६०६ मध्ये ते स्थापन झाले, १६२७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले, १६३६ मध्ये आगीत त्याचे मोठे नुकसान झाले आणि ते पुन्हा उभारले गेले. आशियातील कॅथलिक स्त्रियांचा हा पहिला मठ मानला जातो. राजाश्रय मिळाल्यावर तो ‘राजमठ’ म्हणवला जाऊ लागला. संस्थापक स्त्रियांमध्ये फिलिपा फेरैरा ही विधवा आणि तिची मुलगी होती. व्रत घेतल्यावर आई फिलिपा द त्रिंदाद झाली, मुलगी मारिया दु इश्पीरितु सांतु. मायलेकींनी एकाच उंबरठ्यातून आत जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे नाही, ही गोष्ट मी त्या दारासमोर उभा राहिलो की हटकून आठवते.

सेर्राच्या घरातून मुलगी लग्न करून बाहेर पडे. मोनिकामध्ये गेलेली व्रतस्थ स्त्री मरेपर्यंत आत राही. आश्रयगृह आणि मठ यांतला खरा फरक एवढाच आहे, पण त्यात सगळे आले. तरीही आपल्या मुलीचा प्रश्न चुकीचा नाही, कारण मोनिकामध्येही लहान मुली शिक्षणासाठी ठेवल्या जात. त्यातल्या काही पुढे व्रत घेत आणि काही लग्नासाठी परत जात.

जुनी दप्तरे

तिसवाडीकर यांनी घरे उत्तम रीतीने वेगळी करून दाखवली आहेत. त्याला जोडून मी एवढेच म्हणेन की या साऱ्या इतिहासाची किल्ली हुंड्यात आहे आणि भक्तीची कथा सांगताना ती नेमकी गाळली जाते.

मठात जाताना मुलीच्या घरून हुंडा द्यावा लागे, कारण तिला ‘ख्रिस्ताची वधू’ मानत आणि तिच्या उदरनिर्वाहाची तजवीज माहेराने करणे रीतीला धरून होते. ही रक्कम बरोबरीच्या घराण्यातील वराला द्याव्या लागणाऱ्या हुंड्यापेक्षा बहुधा कमी असे. ज्या बापाला चार मुली आहेत तो एकीचे लग्न थाटात करी आणि उरलेल्यांना मठाची वाट दाखवी. हे पोर्तुगालमध्ये चालत होते, इटलीत चालत होते, आणि मांडवीच्या काठीही तेच झाले. आपल्याकडे हुंड्यापायी किती मुलींची आयुष्ये झाकोळली हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना हा हिशेब उलगडून सांगण्याची गरज नाही.

गोव्याच्या नगरपालिकेने, म्हणजे त्या काळच्या ‘कामरा’ने, या मठाविरुद्ध वर्षानुवर्षे राजाकडे तक्रारी केल्या. त्यांचे म्हणणे होते की धनवान घरांतील मुली आणि विधवा आपली मालमत्ता घेऊन मठात जातात, त्यामुळे राजाची सेवा केलेल्या सरदार-शिपायांना वधू मिळत नाहीत आणि शहरातला पैसाही मठाच्या तिजोरीत अडकतो. मठात शंभरच संन्यासिनी असाव्यात अशी मर्यादा ठरलेली होती, तरी वाद शमला नाही. या तक्रारी वाचताना मन अस्वस्थ होते. एका बाजूला कामरा, दुसऱ्या बाजूला आर्चबिशप आणि मठ, वर राजा. मुलगी कोणाच्या उपयोगी पडावी यावर सारे भांडत आहेत.

तरीही मठाला केवळ तुरुंग म्हणणे मला पटत नाही. ज्या विधवेला दिराच्या दारात राहावे लागले असते, ती येथे मठप्रमुख होऊ शकत होती. मठप्रमुख संन्यासिनींच्या मतदानाने निवडली जाई. जमिनीचे उत्पन्न, व्याजाने दिलेली कर्जे, धान्याची खरेदी, नोकरवर्ग हे सारे स्त्रियांच्या हातात होते आणि अडचणीच्या वेळी सरकारनेही या मठाकडून पैसे उचलले. सतराव्या शतकात इतका मोठा व्यवहार सांभाळणाऱ्या स्त्रिया गोव्यात दुसरीकडे कोठे सापडतील?

आता ‘कोणाच्या मुली’ हा प्रश्न. मुख्यतः पोर्तुगीज आणि मिश्र वंशाच्या प्रतिष्ठित घराण्यांतील. मठातही दोन पायऱ्या होत्या. काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या स्त्रिया हुंडा आणत, लॅटिन प्रार्थना गात आणि मत देत. पांढरे शिरोवस्त्र घेणाऱ्यांकडे घरकाम असे. गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांतील मुलींना सुरुवातीच्या काळात काळ्या शिरोवस्त्राचा मान मिळत नव्हता. या दोन्हींच्या खाली दासी होत्या, गुलाम म्हणून विकत घेतलेल्या स्त्रियाही होत्या. विहिरीचे पाणी त्या ओढत होत्या. आश्रयाचा हा इतिहास लिहिताना त्यांनाही त्याच पानावर जागा दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मुळाकाठची

आपणा दोघांचे मनापासून आभार. फिलिपा आणि तिच्या मुलीची गोष्ट मी घरी वाचून दाखवली, तेव्हा लेक बराच वेळ गप्प होती. मग तिने आणखी दोन प्रश्न विचारले, ते तसेच पुढे ठेवते. मुलीला ‘नाही’ म्हणता येत होते का? आणि आत राहून तिला नेमके काय शिकवत?

वसईचा मास्तर

मी वसईत राहतो आणि अनेक वर्षे शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आपल्या मुलीचे प्रश्न मला जवळचे वाटले.

‘नाही’ म्हणण्याचा हक्क कागदावर होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवले होते की सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही व्रतबद्ध करू नये, व्रतापूर्वी बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मुलीला तिची इच्छा विचारावी, आणि जो तिच्यावर बळजबरी करील त्याला धर्मबहिष्कृत समजावे. नियम चांगलाच होता. पण सातव्या-आठव्या वर्षी मठात आलेली, तेथेच अक्षर ओळखायला शिकलेली, मावशी-आत्यांना त्याच वेषात पाहिलेली मुलगी सोळाव्या वर्षी बिशपला काय उत्तर देणार? शाळेतही मी पाहिले आहे की बाप शेजारी उभा असला की मुलगी तिला काय शिकायचे आहे ते सांगत नाही.

त्याच परिषदेने स्त्रियांच्या मठांना कडक बंदिवास लावला आणि शिक्षणाचे स्वरूप त्यातूनच ठरले. संन्यासिनीने भिंतीबाहेर पाऊल टाकायचे नाही, म्हणून शिकणारी मुलगीच आत राहायला आली पाहिजे. भेटायला आलेल्या आईशी बोलायचे ते लोखंडी जाळीआडून. बाहेरून येणारे सामान भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी पिंपात ठेवायचे, पिंप फिरवले की वस्तू आत जाई आणि देणाऱ्याला घेणारीचा हातही दिसत नसे. त्या पिंपातून पाटी, दोऱ्याची रिळे, कधी घरचा खाऊ आत गेला असेल, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

शिकवत ते वाचन, लेखन, धर्मशिक्षण, प्रार्थनेपुरते लॅटिन, गायन, शिवणकाम आणि भरतकाम. आजच्या मापाने हे थोडे वाटेल. पण काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या प्रत्येकीला दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी स्तोत्रे पुस्तकातून वाचून गावी लागत, म्हणून वाचता येणे ही तेथे चैनीची बाब नव्हती, ते कामाचे साधन होते. हिशेब ठेवायचा तर अंकगणितही आलेच. ज्या शहरात बहुसंख्य स्त्रियांना सही करता येत नव्हती, तेथे रोज वाचणाऱ्या शंभर स्त्रिया एका छपराखाली होत्या, ही गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकाला फार मोलाची वाटते. त्या वाचनाला बाहेरची वाट नव्हती, हे दुःखही तितकेच खरे.

आपण ज्याला कॉन्व्हेंट शाळा म्हणतो ती या भिंतींतून जन्मलेली नाही. मेरी वॉर्ड या इंग्लिश स्त्रीने १६०९ मध्ये, म्हणजे सांता मोनिका स्थापन झाल्यावर तीनच वर्षांनी, फ्लँडर्समधील सेंट ओमेर येथे बंदिवासाशिवाय मुलींना शिकवणारा संघ सुरू केला. बायकांनी असे मोकळे फिरून शिकवणे रोमला रुचले नाही आणि १६३१ मध्ये पोपच्या आज्ञेने तो संघ मोडण्यात आला. पण तिच्या अनुयायी थांबल्या नाहीत. त्यांच्याच परंपरेतील आयर्लंडच्या लोरेटो भगिनींनी १८४२ मध्ये कोलकात्यात शाळा काढली. त्याच वर्षी फ्रान्समधील लिओंच्या क्लोदीन तेवने यांनी स्थापलेल्या जीझस अँड मेरी संघाच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या, आणि पुढे मुंबई-पुण्यातही त्यांच्या शाळा उभ्या राहिल्या. या भगिनी वर्ग संपला की रस्त्यावरून चालत जाऊ शकत होत्या, आणि मुलगी संध्याकाळी घरी परतू शकत होती. आपल्या मुलीला सांगावे की तिच्या मनातल्या ‘कॉन्व्हेंट’चा धागा सेंट ओमेरकडे जातो, सांता मोनिकाकडे नाही.

आमच्या वसईच्या किल्ल्यातही मठांचे अवशेष ठायीठायी आहेत, पण ते सारे पुरुषांचे. गोव्याच्या धार्मिक संस्थांना वसई-दमणकडील गावांतून उत्पन्न मिळत असे, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर ते बंद पडले. आम्ही लहानपणापासून त्या विजयाचे पोवाडे ऐकले. त्याच घटनेने गोव्यातील कोणत्या घरातला शिधा कमी झाला असेल, हा विचार मला उतारवयात पहिल्यांदा सुचला.

तिसवाडीकर

मास्तरांनी फार मोलाची भर घातली. शेवटचा काळ तेवढा सांगायचा राहिला आहे.

शहराचे आजार मठाच्याही मुळावर आले. मलेरिया आणि कॉलऱ्याच्या साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला राहायला गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधीच, १८३४ मध्ये, पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले होते. पुरुषांचे मठ लगेच रिकामे करण्यात आले. स्त्रियांच्या मठांना मात्र सवलत अशी मिळाली की नवी मुलगी घ्यायची नाही आणि शेवटची संन्यासिनी वारली की दार बंद करायचे. सांता मोनिकातील शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये वारली. शंभर जणींसाठी बांधलेल्या त्या चौकात, ओस पडलेल्या शहरात, पन्नास वर्षे दरवर्षी माणसे कमी होत गेली. शेजारचे संत ऑगस्टिनचे चर्च याच काळात कोसळत होते. एरवी मी या मठाबद्दल तटस्थपणे बोलू शकतो, पण या पन्नास वर्षांबद्दल बोलताना माझा आवाज बदलतो.

त्यानंतर तेथे लष्कर आले, म्हणून आपल्या टॅक्सीचालकाची माहिती चुकीची नव्हती. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये त्याच वास्तूत ‘मातेर देई’ ही धर्मभगिनींना ईश्वरशास्त्र शिकवणारी संस्था सुरू झाली. संग्रहालय आधी राशोलच्या सेमिनरीत होते, ते नंतर येथे आणण्यात आले.

दोन्ही आश्रयगृहे एकोणिसाव्या शतकात जुने गोवे सोडून रायबंदरजवळच्या चिंबलला हलवली गेली. सेर्राचे मूळ घर आता पाहायला मिळत नाही, आणि माझ्या मते मार्गदर्शक मंडळी तेथील मुलींची कथा सांता मोनिकाला चिकटवतात ती त्यामुळेच. उभी राहिलेली भिंत सगळ्यांच्या आठवणी स्वतःकडे ओढून घेते.

एक गोष्ट आपल्या मुलीसाठी. बेबिंका ही मिठाई याच मठातील बेबियाना नावाच्या संन्यासिनीने पहिल्यांदा केली, असे आमच्याकडे सांगतात. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती सांगू नये. पण बेबिंका करताना मी माझ्या आजीला पाहिले आहे. नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर आणि मैदा यांचे पातळ मिश्रण पळीभर ओतायचे, झाकणावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवून तो थर वरून भाजायचा, वर तूप सोडायचे आणि मगच पुढची पळी. सात थरांना दुपार सरते. एका घरात अनेक बायका, हाताशी भरपूर वेळ आणि बाहेर जायला दार नाही, अशा ठिकाणीच हा पदार्थ सुचला असेल असे लोकांना वाटले, यात मला नवल वाटत नाही.

पुढच्या वेळी आलात तर संग्रहालय पाहून झाल्यावर लगेच निघू नका. इमारतीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा आणि मुलीला त्या धिऱ्यांखाली उभे करून भिंतीची जाडी पाहायला सांगा.